लॉकवालं होल्स्टर कसं निवडावं आणि कसं वापरावं

गर्दीत, झटापटीत किंवा धावताना कमरेचं पिस्तूल पडू नये, कोणी हिसकावू नये, म्हणून लॉकवालं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अडकवून ठेवणारं कमरेचं आवरण, वापरतात. दुकानात ते ‘रिटेन्शन होल्स्टर’ म्हणून मिळतं. घेताना जो तो विचारतो, लॉक किती पक्कं आहे? पण पिस्तूल आत जाताना आणि बाहेर येताना ट्रिगरला काय काय लागू शकतं, हे फार थोडे जण विचारतात. मला जास्त धास्ती या दुसऱ्या गोष्टीची आहे. हिसकावण्याचा प्रसंग कित्येकांच्या आयुष्यात कधीच येत नाही. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवण्याचा प्रसंग मात्र ते बाळगणाऱ्या प्रत्येकावर येतो, आणि त्या वेळी नळीचं तोंड स्वतःच्या मांडीकडे असतं.

हा लेख परवानाधारक, अंगरक्षक, कॅश व्हॅनवरचे सशस्त्र रक्षक आणि नोकरीत पिस्तूल बाळगणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. परदेशात राहून कायदेशीर शस्त्र बाळगणाऱ्या मराठी माणसालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

पहिली पायरी: आधी पिस्तूल रिकामं करा

पुढची प्रत्येक तपासणी रिकाम्या पिस्तुलावरच करायची. मॅगझिन (मुठीतली राउंडची पेटी) काढा, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, राउंड बसतो त्या घरात) डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. हा क्रम उलटा करू नका. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली, तर ती पुढे जाताना नवीन राउंड (काडतूस) चेंबरमध्ये ढकलते आणि आपण मात्र पिस्तूल रिकामं समजून बसतो. रिव्हॉल्वर असेल तर सिलिंडर उघडून सगळी घरं मोजा. राउंड दुसऱ्या खोलीत ठेवा. घरात आणखी कोणी जाणकार असेल तर त्यालाही एकदा बघू द्या. एवढं झालं तरी नळी कुठल्याही माणसाकडे वळवायची नाही.

दुसरी पायरी: होल्स्टर त्याच पिस्तुलाचं आहे ना, ते बघा

‘सगळ्या पिस्तुलांना चालतं’ असं सांगून विकलेलं कापडी होल्स्टर घेऊ नका. लॉक ट्रिगरगार्डला (ट्रिगरभोवतीच्या कडीला) किंवा झाडलेल्या राउंडची पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीला अडकतं. मॉडेल दोन-तीन मिलिमीटरने जरी वेगळं असलं, तरी ते अर्धवट अडकतं किंवा अडकल्यासारखं नुसतं वाटतं. पिस्तुलाखाली टॉर्च लावला असेल तर आणखी काळजी हवी. टॉर्च आत जावा म्हणून अशा होल्स्टरचं तोंड रुंद ठेवतात आणि ट्रिगरच्या दोन्ही बाजूंना फट राहते. रिकामं पिस्तूल आत ठेवून वरून बघा. ट्रिगर दिसत असेल किंवा फटीतून पेन्सिल ट्रिगरपर्यंत पोचत असेल, तर पोराचं बोट, जॅकेटची दोरी, किल्ल्यांचा जुडगाही पोचेल. ते होल्स्टर परत करा. नंतर होल्स्टर बाहेरून दोन्ही बाजूंनी जोरात दाबा. ट्रिगर थोडाही हलता कामा नये.

ग्लॉकसारख्या पिस्तुलाला अंगठ्याने लावायची वेगळी सेफ्टी नसते आणि ट्रिगरचा ओढा साधारण अडीच किलोचा असतो. अडीच किलो म्हणजे पिशवीभर कांदे. अडकलेली दोरी आणि वरून हाताचा जोर एवढं वजन सहज गाठतात.

तिसरी पायरी: ‘लेव्हल’ या शब्दाचा अर्थ दुकानदाराला विचारा

लेव्हल १, २, ३ असे आकडे डब्यावर छापलेले असतात, पण ते मोजण्याची सर्वांना बांधील अशी एकच पद्धत नाही. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेतून बाहेर पडून होल्स्टर बनवायला लागलेले बिल रॉजर्स यांनी १९७० च्या दशकात एक चाचणी बसवली. समोरच्याने पिस्तुलाची मूठ धरून पाच सेकंद हवं तसं ओढायचं. पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि होल्स्टर पट्ट्यावर टिकलं, तर लेव्हल १. मग पिस्तूल काढतानाची पहिली हालचाल करून एक अटकाव मोकळा करायचा आणि पुन्हा ओढायचं. तरीही टिकलं, तर लेव्हल २. ही चाचणी मला पटते, कारण ती माणसाच्या ताकदीवर मोजते. काही कंपन्या मात्र फक्त लॉक मोजतात: दोन लॉक म्हणून लेव्हल २. त्यातलं एक प्लास्टिकच्या पातळ पट्टीएवढं नाजूक असलं तरी आकडा तोच.

जास्त लेव्हल म्हणजे जास्त सुरक्षित, असंही सरसकट धरू नका. गणवेशात, लोकांच्या धक्क्यात उभं राहणाऱ्याला लेव्हल ३ हवंच. शर्टाखाली पिस्तूल ठेवणाऱ्याला चांगली घट्ट पकड आणि एक लॉक पुरतं. वापरता न येणारं तिसरं लॉक घाबरलेल्या माणसाच्या बोटांना गोंधळात टाकतं, आणि गोंधळलेली बोटं ट्रिगरजवळ नकोत.

चौथी पायरी: लॉक कुठल्या बोटाने उघडतं?

लॉक अंगठ्याने उघडणारं घ्या. हातात पिस्तूल धरताना अंगठा जिथे आपोआप येतो तिथेच कळ असते, ती दाबली की पिस्तूल सुटतं. काही होल्स्टरांवर वर फिरणारं झाकणही असतं. ते अंगठ्याने खाली दाबून पुढे ढकलावं लागतं. दोन्हींत तर्जनीला काही काम नसतं.

तर्जनीने बटण दाबून उघडणारी होल्स्टरं एके काळी खूप खपली. ब्लॅकहॉक कंपनीचं सर्पा हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. बोट सरळ ठेवून दाबलं तर ते पिस्तुलाच्या बाजूवर येतं, असा त्यामागचा विचार. पण घाईत आपण बोटाच्या पेराने नाही, टोकाने दाबतो. पिस्तूल वर येत असतानाही बोट आत दाबलेलंच राहतं आणि बटण संपलं की सरळ ट्रिगरवर घसरतं. या कारणाने अमेरिकेतल्या अनेक प्रशिक्षण शाळांनी अशी होल्स्टरं वर्गात आणायला मनाई केली. शिवाय बटणाखाली खडा किंवा वाळू गेली तर ते अडकतं आणि पिस्तूल बाहेरच येत नाही. तुमच्याकडे असलं होल्स्टर असेल तर ते बदला, असंच मी सांगेन.

आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी टिचबटणाच्या पट्टीचं चामडी होल्स्टर असतं. ते वाईट नाही. पण पट्टी सैल होऊन आत वळली, तर पिस्तूल खाली जाताना ती ट्रिगरगार्डमध्ये शिरते. पट्टी बाहेरच राहील इतकी ताठ हवी.

पाचवी पायरी: पट्टा

होल्स्टर कितीही भारी असलं तरी ते पट्ट्यावर टांगलेलं असतं. पँटच्या साध्या पट्ट्यावर लेव्हल ३ चं होल्स्टर लावलं, तर ओढणाऱ्याच्या हातात पिस्तूल होल्स्टरसकट येईल. दुहेरी चामड्याचा किंवा ताठ नायलॉनचा, होल्स्टरच्या फटीइतकाच रुंद पट्टा घ्या. कमरेत नुसतं खोचायचं चपटं होल्स्टर झटापटीत टिकत नाही.

सहावी पायरी: परत ठेवणं

इथे वेळ घाला. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात रेनकोट घालून सराव करताना मी रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये सारलं आणि आतून ‘टक्’ असा आवाज आला. रेनकोटच्या दोरीचा प्लास्टिकचा मणी ट्रिगरगार्डमध्ये गेला होता. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. चेंबरमध्ये राउंड असता तर गोळी माझ्या मांडीतून गुडघ्याकडे गेली असती.

तेव्हापासून मी जसं करतो, तसंच तुम्हीही करा. आधी थांबा. पिस्तूल परत ठेवण्याची घाई कधीच नसते. बोट ट्रिगरगार्डच्या बाहेर, पिस्तुलाच्या अंगावर सरळ. डाव्या हाताने शर्ट, जॅकेट, दोरी, ओळखपत्राचा पट्टा बाजूला करून धरून ठेवा. मान खाली घालून होल्स्टरच्या तोंडात बघा. न बघता ठेवता येणं ही हुशारी आहे असं काही जणांना वाटतं. रोजच्या आयुष्यात तिची गरज नाही. हॅमर (मागचा घोडा) असलेलं पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर असेल तर अंगठा हॅमरवर ठेवा. ट्रिगर दाबला जायला लागला तर हॅमर अंगठ्याखाली हलतो आणि लगेच कळतं. मग हळूच आत सोडा. जराही अडलं तर ढकलू नका, वर काढा, काय आहे ते बघा. शेवटी लॉकचा आवाज ऐका आणि मूठ धरून एकदा वर ओढून खात्री करा.

पँटच्या आत घालायचं होल्स्टर असेल तर त्याहून सोपी वाट आहे: होल्स्टर बाहेर काढा, नळी सुरक्षित दिशेला धरून पिस्तूल त्यात ठेवा आणि दोन्ही मिळून कमरेला लावा.

सातवी पायरी: सराव

आधी रिकाम्या पिस्तुलाने, अगदी सावकाश. मूठ पक्की पकडा, लॉक उघडा, सरळ वर काढा. उभ्याने जमलं की खुर्चीत बसून, गाडीच्या सीटवर, रेनकोट घालून. नवीन होल्स्टर घेतल्यावर दोन आठवडे रोज पंधरा मिनिटं दिल्याशिवाय ते भरलेल्या पिस्तुलासह वापरू नका. हिसकावण्याचा सराव करायचा तर प्लास्टिकच्या डमी पिस्तुलानेच करा, खऱ्या पिस्तुलाने कधीच नाही.

जुन्या रिव्हॉल्वरबद्दल एक वेगळी गोष्ट. ज्यांत हॅमर आणि राउंडवर आपटणारी पिन यांच्यामध्ये अटकाव नाही, अशी रिव्हॉल्वरं पडली की गोळी सुटू शकते. १ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत राहत्या घरी अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी लागली. ते हातातून पडून गोळी सुटल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. तुमच्या रिव्हॉल्वरमध्ये असा अटकाव आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. नसेल तर हॅमरखालचं घर रिकामं ठेवा.

शौचालय, घर आणि कायदा

शौचालयात पट्टा सोडला की होल्स्टरचा तोल जातो. पिस्तूल बाहेर काढून टाकीवर ठेवू नका, विसरतं. ते होल्स्टरमध्येच, लॉक लावून राहू द्या आणि पट्ट्याचा तो भाग हाताने धरा. घसरलंच तर पकडायला झेप घेऊ नका. पडणारं पिस्तूल पकडताना बोट बरोबर ट्रिगरवर जातं.

घरी लॉकवालं होल्स्टर म्हणजे तिजोरी नव्हे. जे लॉक घाबरलेल्या माणसाला क्षणात उघडता येतं ते आठ वर्षांच्या मुलालाही उघडतं. पिस्तूल रिकामं करून कुलपात ठेवा, राउंड वेगळ्या कुलपात.

भारतात शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात हवं. निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात आणला, तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पावसाळा आणि देखभाल

कोकणात आणि मुंबईत चामडं चार महिने ओलसर राहतं. ते मऊ पडतं, बुरशी धरतं, टिचबटण गंजतं. ओलं चामडं सावलीत वाळवा, शेगडीजवळ नको. तेलात भिजवू नका, पकड जाते. पिस्तूल चामडी होल्स्टरमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका, घामाची खारट ओल लोखंडाला लागते. प्लास्टिकचं होल्स्टर उन्हात बंद गाडीत टाकू नका. त्याचे स्क्रू महिन्यातून एकदा तपासा आणि सैल होत असतील तर निळं लॉक्टाइट (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) लावा. लॉकच्या फटीतली धूळ ब्रशने काढा.

चामडी होल्स्टरचं तोंड पिस्तूल काढल्यावर मिटत असेल, शिवण उसवली असेल किंवा लॉक दहातून एकदा जरी अडकलं नाही, तर ते बाद. ते माळ्यावर टाकू नका, धाकट्या भावाला किंवा नव्या रक्षकालाही देऊ नका. सुरीने किंवा करवतीने मधोमध दोन तुकडे करा आणि मगच कचऱ्यात टाका.