नसांच्या आजारांत करिअर करायचं असेल तर

न्यूरॉलॉजीला आलेली बहुतेक मुलं मेंदूकडे ओढली जातात. स्ट्रोक, फिट्स, एमआरआयची देखणी चित्रं. हातापायांत पसरलेल्या नसांकडे, म्हणजे मज्जातंतूंकडे, वळणारे थोडेच. मी वळलो, आणि शिकवण्याच्या नोकरीत राहूनच हे काम केलं. वैद्यकीय पदवी, मग न्यूरॉलॉजी, त्यावर नसा आणि स्नायूंच्या आजारांची फेलोशिप, एवढा पल्ला आहे. लवकर स्थिरावायचं असेल त्याने दुसरी शाखा बघावी.

फेलोशिप निवडताना एकच विचारा: एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) आणि ईएमजी (स्नायूत सुई घालून त्यातले विद्युतसंदेश बघणं) स्वतःच्या हाताने करायला मिळतं का? काही ठिकाणी टेक्निशियन तपासतो आणि शिकाऊ डॉक्टर रिपोर्टवर सही करतो. संस्था कितीही नावाजलेली असो, अशा ठिकाणी जाऊ नये. हातातल्या मीडियन नसेत संदेशाचा वेग कोपर ते मनगट सेकंदाला साधारण 50 मीटर किंवा त्याहून जास्त असतो. हात गार पडला की दर अंश सेल्सिअसमागे तो दोनेक मीटरने घसरतो. म्हणजे निव्वळ गारठ्यामुळे धडधाकट माणूस रिपोर्टात आजारी ठरू शकतो. हात आधी गरम केला होता की नाही, हे सही करणाऱ्याला कुठून कळणार?

वेळेचंही असंच. तुटलेल्या नसेचा पुढचा भाग हळूहळू झडतो. ऑगस्टस वॉलरने 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं. तोवर काही दिवस त्या भागातून विद्युतसंदेश जात राहतो, त्यामुळे लगेच केलेली तपासणी खोटा दिलासा देते. सुईच्या ईएमजीत बदल पुरते उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. गिलाँ-बारेमध्येही (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार) पहिल्या आठवड्यात एनसीव्ही जवळपास नॉर्मल येऊ शकते. पायांतली ताकद जातेय, रिफ्लेक्स मिळत नाहीत, श्वास तोकडा पडतोय, तेव्हा निदान पेशंटच्या खाटेजवळच करायचं असतं. (या आजारावरच्या 1916 च्या मूळ लेखाचा तिसरा लेखक आंद्रे स्ट्रोल. विद्युत तपासणी त्याची, आणि आजाराच्या नावातून गळाला तोही तोच. आमच्या धंद्याची रीत तेव्हापासूनची.)

संशोधनात घाई चालत नाही. तुटलेली नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. उपचाराचा गुण दिसायला महिने जातात, आणि बरेच आजार इतके दुर्मीळ की एका रुग्णालयात पुरेसे पेशंटच मिळत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच एक आजार धरा आणि त्याची नोंदवही ठेवा: तारीख, स्नायूंची ताकद, कुटुंबाची वंशावळ. शार्को-मारी-टूथ या नसांच्या आनुवंशिक आजाराचं वर्णन 1886 चं. त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारामागचा जनुकीय दोष सापडला 1991 मध्ये, आणि तोही नीट लिहून ठेवलेल्या वंशावळींच्या आधारावर. पोर्तुगालच्या कोरिनो द आंद्रादे यांनी 1952 मध्ये मांडलेल्या, नसांत अमायलॉइड हे प्रथिन साचणाऱ्या आनुवंशिक आजारावर जनुकाचा संदेशच दाबणारं औषध 2018 मध्ये मंजूर झालं. पेपर, ग्रँट, एथिक्स कमिटी हे सगळं कामाच्या ओघात शिकता येतं. चुकलेली नोंद मागे जाऊन करता येत नाही.

पैसा खासगी प्रॅक्टिसमध्ये जास्त, यात वाद नाही. शिकवण्याची नोकरी घेतलीच, तर संशोधनाचा दिवस नेमणूकपत्रात लेखी घ्या. तोंडी कबूल केलेला दिवस ओपीडी बघता बघता गिळते.