डेटाबेस सी ड्राइव्हच्या मुळाशी टाकलाय? आधी फोल्डरच्या परवानग्या बघा

विंडोजवर डेटाबेस 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये न टाकता थेट सी ड्राइव्हखाली नवं फोल्डर करून टाकायची मला जुनी खोड. पण अशा फोल्डरला ड्राइव्हच्या सैल परवानग्या वारशाने मिळतात. मग लॉगिन असलेला कुणीही साधा युजर डेटाबेसच्या सर्व्हिसची (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) एक्झी फाइल बदलू शकतो. सर्व्हिस 'लोकल सिस्टिम' या विंडोजच्या सर्वाधिकारी खात्यावर चालत असेल, तर पुढच्या रीस्टार्टला अख्खं मशीन त्याचं. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विंडोज इन्स्टॉलरमध्ये 2019 साली याच जातीचा दोष जाहीर झाला होता.

फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड. 'ऑथेंटिकेटेड युजर्स'समोर 'मॉडिफाय' दिसलं की समजा, दार उघडं आहे. 'डिसेबल इनहेरिटन्स' दाबा, पण पुढे 'कन्व्हर्ट'च निवडा. मी एकदा घाईत 'रिमूव्ह' निवडलं आणि सर्व्हिस उठेचना! 'कन्व्हर्ट' झाल्यावर 'ऑथेंटिकेटेड युजर्स'ची ती सैल नोंद काढा. एक्झी फाइल्स असलेल्या 'बिन' फोल्डरवर 'युजर्स'ना फक्त वाचायची-चालवायची मुभा ठेवा. डेटा फोल्डरमधून मात्र त्यांना पूर्ण हाकला, तिथे अ‍ॅडमिन, सिस्टिम आणि सर्व्हिसचं खातं एवढेच पुरे.

शेवटी सर्व्हिसेसमध्ये 'लॉग ऑन' टॅब उघडून 'लोकल सिस्टिम'ऐवजी कमी अधिकारांचं खातं द्या. रीस्टार्ट करून लॉग बघा.