धावपट्टीवर वेग 30 वर अडकला

पावसाळा ओसरल्यावर नागपूरहून सकाळचं ए 320 विमान. धावायला लागलो, सहवैमानिकाच्या पडद्यावर वेग चढत होता, माझा 30 नॉट्सवरच. राखीव यंत्रही सहवैमानिकाच्या वेगाशी जुळत होतं. साठच्या आसपास मी थ्रॉटल मागे घेतले, थांबलो, टॉवरला कळवलं आणि बेवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागी, परत आलो.

खरा गोंधळ इथून सुरू झाला. संगणकाच्या चाचण्या स्वच्छ. रीसेट केल्यावर एकही इशारा नाही. प्रवासी वैतागलेले, "आता निघूया" असा सूर. पण उभ्या विमानात वेग शून्यच असतो, मग ती चाचणी काय पकडणार? ती फक्त वायरी आणि संगणक तपासते, हवेची वाट मोकळी आहे की नाही ते तिला कळत नाही.

म्हणून मी इंजिनिअरला सांगितलं, "दादा, माझ्या बाजूची पिटो नळी डोळ्यांनी बघा." वेग मोजायला समोरची हवा याच नळीतून आत येते. टॉर्च लावला, तर तोंडाशी कुंभारमाशीची वाळलेली माती! रात्री उभ्या विमानाच्या नळ्यांवर आवरणं नव्हती. त्यांनी लाइन सोडवून फुंकली, गळती तपासली, मगच विमान सोडलं. पुढच्या धावेत तिन्ही वेग जुळले.

1996 मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या पोर्तो प्लाताहून निघालेलं बोइंग 757 समुद्रात कोसळून 189 जण गेले. तिथेही बंद पिटो नळी, आणि संशय अशाच माशीच्या घरट्यावर. त्या कॅप्टनलाही धावतानाच आपला वेगदर्शक चालत नसल्याचं दिसलं होतं. आवरण काढलेलं आहे का, हे तर आपण सगळेच बघतो. रात्री ते घातलं होतं का, हेही विचारा.