एकच बातमी, तीन पेपर
पत्रकारितेच्या अभ्यासासाठी चार पेपर वरवर चाळण्यापेक्षा एकच बातमी लोकसत्ता, सकाळ आणि लोकमतमध्ये शेजारी ठेवून वाचा. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशीचे अंक यासाठी उत्तम. छापीलच घ्या, म्हणजे बातमी घडीच्या वर आहे की खाली, ते लगेच दिसतं.

आधी मथळ्यातलं क्रियापद बघा. मंत्र्यांनी ‘सांगितलं’, ‘दावा केला’ की ‘कबूल केलं’? माझ्या मते पेपरचा कल इथेच सर्वांत स्वच्छ कळतो. मग इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात, काय घेतलं आणि शेवटच्या परिच्छेदात काय ढकललं, त्यावर पेन्सिलीने खुणा करा. बातमीच्या सुरुवातीला ‘पीटीआय’ (वृत्तसंस्था) आहे की ‘विशेष प्रतिनिधी’ (पेपरचा स्वतःचा बातमीदार), हेही टिपा. एजन्सीची कॉपी, म्हणजे वृत्तसंस्थेने पाठवलेला मजकूर, असेल तर तिन्ही पेपरांत तपशिलांचा क्रम बहुधा सारखाच येतो. बारीक अक्षरातली प्रिंटलाइनही वाचा. मुद्रक, प्रकाशक, संपादक तिथे सापडतात.