नाशिकहून खाडीवर सापळे घेऊन निघण्यापूर्वी: तयारीची यादी

नाशिक सोडलं की त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत पालघरच्या किनाऱ्यावर पोचायला निम्मा दिवस जातो, आणि घरी विसरलेली पक्कड आणायला मागे फिरता येत नाही. खाडीतल्या माशांची सापळ्याने नोंद ठेवू पाहणाऱ्या कॉलेजच्या गटांसाठी आणि निसर्गमंडळांसाठी ही यादी आहे. घरी बसूनच एकेक गोष्टीवर खूण करत जा. सापळा, आमिष, पाण्यात ठेवण्याचा वेळ आणि जागा या चार गोष्टी दर फेरीला तंतोतंत सारख्या असतील, तरच या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याच्या शेजारी मांडता येतो. त्यामुळे इथली बहुतेक कामं त्या सारखेपणासाठीच आहेत.

परवानग्या महिनाभर आधी घ्या. मत्स्यव्यवसाय विभागाला पत्र द्या, खाडीकाठी तिवरं असतील तर कांदळवन कक्षालाही द्या, आणि गावच्या मच्छीमार सोसायटीला स्वतः जाऊन भेटा. हे तिसरं काम सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक टाळतात. डोलीच्या जाळ्यांचे खुंट कुठे आहेत, होड्यांची वाट कोणती, कुठल्या खड्ड्यात पाणी ओहोटीलाही हटत नाही, हे तिथल्या काकांना विचारल्याशिवाय कळत नाही. तुमच्या फ्लोटचा (सापळ्याच्या दोरीला बांधलेल्या तरंगत्या खुणेचा) रंग त्यांना आधी दाखवा, नाहीतर कुणाची तरी बेवारस दोरी समजून ती कापली जाईल. १ जूनपासून सुरू होणाऱ्या पावसाळी मासेमारीबंदीत फेरी ठरवू नका. समुद्रघोडा किंवा कासव सापडलं तर १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. मापं घेत बसू नका, लगेच पाण्यात सोडा.

आता सापळे. बारा वापरायचे आणि दोन जादा, असे चौदा, सगळे एकाच मापाचे: ९० सेंमी लांब, ६० रुंद, ४५ उंच. चौकट ८ मिमी सळईची, जाळी २५ मिमी भोकाची. दोन्ही टोकांना नरसाळ्यासारखं तोंड, बाहेरून २० सेंमी आणि आतून साधारण १०. तोंडं दोन्हीकडे हवीत, कारण खाडीतला प्रवाह दिवसातून चार वेळा दिशा पालटतो. मासा वासाचा माग काढत प्रवाहाविरुद्ध पोहत येतो आणि खालच्या अंगाच्या तोंडातून आत शिरतो. सापळा प्रवाहाला आडवा पडला तर वास जाळीतूनच बाहेर जातो आणि मासा भिंतीपाशी घुटमळत राहतो. म्हणून दोरी सापळ्याच्या लांबीच्या एका टोकाला बांधायची, मधोमध नव्हे.

द्राक्षबागेच्या सामानाच्या दुकानात जीआय (जस्ताचा थर दिलेली) तार, क्लिपा, सुतळी, शेडनेट सगळं मिळतं आणि चांगलं मिळतं. फक्त जीआय जाळीला स्टीलच्या तारेने बांधू नका. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटले की जस्ताचा थर झपाट्याने खाल्ला जातो आणि जोड आधी सुटतो. जीआयला जीआय तारच वापरा, नाहीतर केबल टाय.

नरसाळ्याच्या आतल्या कडेला तारेची टोकं राहतात आणि डोळ्यांना ती दिसत नाहीत. जुन्या सुती साडीचा तुकडा बोळा करून बाहेरून आत ओढा, मग उलट ओढा. जिथे धागा अडकेल तिथे माशाचे खवले निघणार, हे धरून चाला. ते टोक पकडीने बाहेर वळवा आणि कापड पुन्हा फिरवा. एका सापळ्याला दहा मिनिटं लागतात, चौदा सापळ्यांना अख्खी संध्याकाळ. सोडून दिलेला मासा जगावा असं वाटत असेल तर ही संध्याकाळ द्यायलाच हवी.

प्रत्येक सापळ्याच्या एका बाजूला १५ सेंमी चौकोनी खिडकी कापा आणि तिचं झाकण फक्त सुती दोऱ्याने किंवा तागाच्या सुतळीने बांधा, नायलॉनने कधीच नाही. सापळा हरवला तर सुतळी काही आठवड्यांत कुजते, झाकण पडतं आणि आतले प्राणी सुटतात. हे नसेल तर हरवलेला सापळा महिनोन्‌महिने मासे धरत राहतो. मेलेले मासे पुढच्या माशांचं आमिष होतात आणि ते चक्र थांबत नाही. ही सुतळी दर फेरीला नवी घाला.

वजनासाठी तळाच्या दोन्ही कडांना दोन-दोन किलोच्या सळया बांधा. चाचणी शेतावरच्या हौदात घ्या, प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात नको. त्या कागदावर पाय घसरला की वर येता येत नाही. पाच वेळा टाकला तर पाचही वेळा तळावर बसला पाहिजे. एकदा जरी कुशीवर पडला तरी वजन हलवा.

दोरीच्या लांबीत नाशिककरांची हमखास चूक होते. गंगापूर धरणात सकाळी सोडलेला फ्लोट संध्याकाळीही तसाच दिसतो, खाडीत दिसत नाही. ओहोटीला ३ मीटर पाणी असलेल्या जागी पाणी आणखी ३ मीटर चढू शकतं. ओहोटी पाहून कापलेली दोरी भरतीला फ्लोटसकट पाण्याखाली जाते आणि सापळा हरवला असं वाटतं. भरतीच्या खोलीच्या दीडपट दोरी ठेवा, म्हणजे ६ मीटरला ९. उलट चूकही होते: भरतीत उथळ जागी टाकलेला सापळा ओहोटीला उघडा पडतो आणि उन्हात सगळं मरतं. सर्वांत खालच्या ओहोटीलाही वर किमान एक मीटर पाणी राहील अशीच जागा धरा. दोन सापळ्यांत ५० मीटर अंतर ठेवा, नाहीतर वास एकमेकांत मिसळतात.

तारीख पंचांग पाहून ठरवता येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. षष्ठीला ६ गुणिले पाऊण, म्हणजे साडेचार. तिच्या सव्वासहा तास आधी, सव्वादहाच्या सुमारास ओहोटी. साडेदहाला टाका, साडेचारला उचला, सगळं काम उजेडात होतं. खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते, म्हणून भरतीचं छापील कोष्टक आणि स्थानिकांचा शब्द दोन्ही घ्या. दर महिन्याची फेरी त्याच तिथीला ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात प्रवाह सापळे फरपटत नेतो आणि आकडे भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांशी जुळत नाहीत.

आमिष तारलीचंच, दर सापळ्याला २०० ग्रॅम, एका माशाचे चार तुकडे. बारा सापळे आणि तीन वेळा टाकायचे तर ७.२ किलो लागतं, ८ किलो घ्या. २०० ग्रॅमच्या पिशव्या आधीच गोठवून थर्माकोलच्या खोक्यात बर्फासकट ठेवा. तारली मिळाली नाही म्हणून बांगडा चालवून घेऊ नका, फेरी पुढे ढकला. आमिष सुट्टं टाकलं तर चिंबोरी तासाभरात फस्त करते. चार इंची पीव्हीसी पाइपचा १५ सेंमी तुकडा घ्या, दोन्हीकडे टोपणं लावा आणि अंगभर ६ मिमी भोकं पाडा.

मासे ठेवायला टोमॅटोची कॅरेट उत्तम. आतून शेडनेट लावा आणि कॅरेट पाण्यात अर्धं बुडवून ठेवा. पण फवारणीचा पंप, औषधाची बादली, औषधाशेजारी ठेवलेला ड्रम यांतलं काहीही नेऊ नका, कितीही धुतलेलं असलं तरी. बागेत वापरतात त्या पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांचा अंशही माशांना मारतो. गोदावरीचं किंवा तळ्याचं पाणी आणि ओली जाळी खाडीवर जाता कामा नये. त्यातून गेलेला तिलापियासारखा परका मासा निमखाऱ्या पाण्यातही तग धरतो. आधी वापरलेलं सामान दोन दिवस कडक उन्हात वाळवून मगच गाडीत भरा.

उपकरणं थोडकीच: क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि त्याचा शून्य लावायला डिस्टिल्ड वॉटर, थर्मामीटर, विरघळलेल्या ऑक्सिजनचा मीटर, मिमीच्या खुणांची लांबी मोजायची पाटी, ५ किलोचा डिजिटल काटा. ऑक्सिजन मीटर नाशिकमध्ये कॅलिब्रेट करून नेऊ नका. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब सहा-सात टक्के कमी. दाबाची नोंद न करता इथेच १०० टक्के ठरवलं तर किनाऱ्यावर प्रत्येक आकडा तेवढाच फुगून येतो. खाली पोचल्यावर कॅलिब्रेट करा.

हातमोजे, लांब पकड आणि गरम पाण्याचा थर्मास विसरू नका. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या पंखांचे काटे विषारी असतात आणि जाळीत अडकतात. काटा लागला तर जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास तरी बुडवा आणि दवाखाना गाठा. मासा धरताना हातमोजा ओला हवा, कोरड्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

नोंदवही पेन्सिलीने लिहायची, शाई ओलाव्यात पसरते. सापळा क्रमांक, टाकल्याची व उचलल्याची वेळ, खोली, क्षारता, तापमान, जात, लांबी, वजन, एवढे रकाने घरीच आखा. एका जातीचे तीसहून जास्त असतील तर हाताला येतील ते पहिले तीस मोजा आणि बाकीचे नुसते गणा. मोठे वेचून मोजलेत तर सरासरी खोटी येते. रिकामा सापळा म्हणजे शून्य, आणि ते शून्य लिहायचंच. दार उघडं पडलं, जाळी फाटली, सापळा उलटा मिळाला तर ‘बाद’ लिहा, शून्य नव्हे. बारापैकी एक बाद, अकरा सापळे सहा तास, म्हणजे ६६ सापळा-तास. मासे ३३ आले तर दर सापळा-तासाला ०.५. तुलना या आकड्याची करायची.

पंख कातरून खूण करायची आणि पुन्हा धरून एकूण संख्या काढायची, असा मोह पडतो. ६० खुणेचे सोडले, पुढच्या वेळी ५० मिळाले, त्यांत १० खुणेचे, तर ६० गुणिले ५० भागिले १०, म्हणजे ३००. हे गणित बंद तळ्यात चालतं. खाडीत दर भरतीला मासे ये-जा करतात, त्यामुळे तो ३०० खाडीचा आकडा नसतो. म्हणून कात्री घरीच ठेवा. सापळा फक्त तळाशी फिरणाऱ्या, कपारी शोधणाऱ्या आणि वासाने येणाऱ्या प्राण्यांची खबर देतो: शिंगाळा, चिंबोरी, खरबी, तांबोशी, हेकरू. २०२३ साली राज्यमासा ठरलेलं पापलेट सापळ्यात येत नाही, आणि बोयही क्वचितच. अहवालात ‘खाडीतले मासे’ असं लिहू नका, ‘सापळ्यात येणारे मासे’ लिहा.

परतताना सामान गोड्या पाण्याने धुवा. निघण्याआधी चौदा सापळे, चौदा फ्लोट, चौदा दोऱ्या मोजा. एक जरी कमी भरला तर ओहोटीची वाट पाहून तो शोधा, मगच गाडी घाटाकडे वळवा.