अमेरिका फुटायली म्हणे! पोराला पाठवायच्या आधी बातमी अशी तपासा

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या शिवेवर असलेल्या आमच्या धर्माबादेत गल्लीतले मिरचीचे आडते सकाळी सकाळी फोन घेऊन दारात. "बाई, अमेरिका फुटायली म्हणे. टेक्सास बाहेर पडायलंय. पोराचा तिथंच डॅलसला नंबर लागलाय. भरू का नको फी?"

एकोणतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण तो विषय कुणाच्या खिशाशी जोडलेला पहिल्यांदा बघितला. त्यांना चहा पाजून जे सांगितलं, तेच इथं लिहिते. असे निरोप येतच राहतात.

आधी कागदावर दोनच शब्द लिहा: कोण, आणि कोणापासून. आपल्याकडं देश फुटतो, पक्ष फुटतो, घर फुटतं, पेपरही फुटतो, म्हणून सगळं एकाच पोत्यात जातं. टेक्सासमधले काही लोक अमेरिका देश सोडायचं म्हणतात, ते एक. ऑरेगनच्या पूर्वेकडचे लोक देश सोडत नाहीत, त्यांना राज्य बदलून शेजारच्या आयडाहोत जायचंय, ते वेगळं. देशाबाहेर पडणं आणि शीव सरकवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नांदेडकरांना तरी तो समजावा. २०१८ साली आमच्याच तालुक्यातली गावं "आम्हाला तेलंगणात घाला" म्हणत होती. ती काही भारत सोडायला निघाली नव्हती.

मग बघा, परवानगी कुणाची लागते. देश सोडायचा प्रश्न १८६९ सालीच निकालात निघालाय, आणि गंमत म्हणजे तो खटला टेक्सासचाच. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) टेक्सासच्या बंडखोर सरकारनं राज्याच्या मालकीचे केंद्राचे रोखे विकले होते. युद्ध संपल्यावर राज्य ते परत मागायला कोर्टात गेलं. सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी निकाल दिला की टेक्सास कधी बाहेर पडलंच नव्हतं. राज्याला एकट्यानं संघ सोडता येत नाही. क्रांती झाली किंवा बाकीच्या राज्यांनी संमती दिली तरच. "टेक्सासच्या करारातच फुटायचा हक्क लिहिलाय" असं कुणी सांगितलं, तर मनावर घेऊ नका. १८४५ च्या ठरावात आहे ते इतकंच की टेक्सासच्या हद्दीतून पुढं आणखी चार राज्यं पाडता येतील. म्हणजे घरात भिंती घालायची मुभा. घर उचलून न्यायची नाही.

शीव सरकवायला तिकडं दोन्ही राज्यांची विधिमंडळं राजी हवीत, शिवाय काँग्रेस, म्हणजे तिकडची संसद. आपल्याकडं तसं नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणं राज्याचं मत नुसतं विचारतात. आंध्रच्या विधानसभेनं विधेयक फेटाळलं, तरी २०१४ ला तेलंगण झालंच. म्हणून "तिकडंही तेलंगणासारखं होईल" हा आपला अंदाज चुकतो. ऑरेगनच्या डझनभर काउंट्यांनी (आपल्या जिल्ह्यासारख्या) आयडाहोच्या बाजूनं कौल दिलाय. वालोवा काउंटीत तर २०२३ ला प्रस्ताव अवघ्या सात मतांनी पास झाला. पण त्या कौलानं शीव तसूभर हलत नाही. तो एक प्रकारे ग्रामसभेचा ठराव समजा.

आता माझ्या आवडीची पायरी. गाऱ्हाणं शोधा. झेंडा, गाणं, अस्मिता हे वरचं साल. आत बहुतेक वेळा रस्ता, पाणी नाहीतर लांबची राजधानी निघते.

१९४१ चा किस्सा ऐका. कॅलिफोर्नियाचं उत्तर टोक आणि ऑरेगनची दक्षिण बाजू, सगळा डोंगराळ मुलूख. जंगलात लाकूड, डोंगरात तांबं, पण माल काढायला धड रस्ता नाही. तेव्हा वायरिका गावच्या लोकांनी 'जेफरसन' नावाचं एकोणपन्नासावं राज्य जाहीर केलं. नोव्हेंबरच्या एका गुरुवारी हमरस्त्यावर गाड्या अडवून पत्रकं वाटली: आम्ही दर गुरुवारी बंड करणार. (बाकीचे दिवस कामधंदा असतो ना!) रस्त्यावर पाटी होती, तिचा मथितार्थ असा की इथून जायचं तर खडी स्वतःची आणा. राज्याची मुद्रा म्हणजे सोनं धुवायची परात आणि तिच्यावर दोन फुल्या. एक कॅलिफोर्नियाच्या राजधानीनं, सॅक्रामेंटोनं फसवलं म्हणून, दुसरी ऑरेगनच्या सेलमनं. दोन राजधान्या, दोन फुल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी गव्हर्नरही निवडला. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि सगळे निमूट आपापल्या कामाला लागले. त्या दोन फुल्यांचे झेंडे मात्र त्या भागात अजून दिसतात.

वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "बाई, आपल्या परातीवर किती फुल्या?" अमेरिकेच्या शाळेत त्याला काय म्हणतात कोण जाणे, आपल्याकडं अनुशेष म्हणतात. विकासात वाटा देऊ म्हणणारा १९५३ चा नागपूर करार झाला, अनुशेष मोजायला दांडेकर समिती झाली, १९९४ ला विकास मंडळं आली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदतही संपली. दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं की कुणीतरी 'वेगळा मराठवाडा' म्हणतंच. आणि धर्माबादच्या गावांना तेलुगूचं प्रेम उफाळून आलं होतं का? नाही. पलीकडं तेलंगण सरकारच्या रयतु बंधू योजनेचे हंगामाला एकरी ४००० रुपये मिळत होते. बांध एक, पाऊस एक, आणि शेजाऱ्याच्या खात्यात पैसे. ऑरेगनचा शेतकरी आणि आमचा, दोघांचा राग मला सारखाच वाटतो: आपण थोडे, राजधानीतले जास्त, मग आपलं ऐकणार कोण?

अमेरिकेच्या नकाशातल्या लाल-निळ्या रंगावर जाऊ नका. लाल म्हणजे ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचं राज्य, निळं म्हणजे बायडेन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं. या रंगांची वाटणी पक्की झाली तीच मुळी २००० च्या निवडणुकीत. २०२० ला निळ्या कॅलिफोर्नियात ट्रम्प यांना ६० लाखांवर मतं पडली, लाल टेक्सासात त्यांना मिळाली त्याहून जास्त. आणि टेक्सासात बायडेन यांना ५२ लाखांवर. आता शिवेवरून सुरी फिरवा आणि सांगा, ही माणसं कुठं ठेवायची? आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, उर्दू एकाच नळावर भांडतात आणि निम्म्या लेकी शिवेपलीकडं निजामाबादकडं दिल्यात.

पण सगळंच हसण्यावारी नेऊ नका. २० डिसेंबर १८६० ला दक्षिण कॅरोलायना खरंच बाहेर पडलं, मागोमाग आणखी दहा राज्यं. मुळाशी गुलामगिरी होती, आणि युद्धात सहा लाखांहून जास्त माणसं मेली. तेव्हाची खूण कोणती? राज्याराज्यांच्या अधिवेशनांत फुटीचे ठराव मंजूर झाले आणि केंद्राचे किल्ले, शस्त्रागारं ताब्यात घेतली गेली. म्हणून बातमीत तेच शोधा: ठराव कुणी केला, आणि तिजोरी-बंदूक कुणाच्या हातात आहे. जानेवारीतल्या त्या बातमीत टेक्सासचे गव्हर्नर ॲबट मेक्सिकोच्या सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीकाठच्या काटेरी तारांवरून केंद्राशी भांडत होते. भांडण खरं होतं, पण बाहेर पडायचा ठराव कुठंच नव्हता.

आडत्यांनी फी भरली. पोरगं ऑगस्टात गेलं. परवा त्यांचा परत निरोप: "बाई, आता कॅलिफोर्निया फुटायली."

मी इतकंच लिहिलं, "कोण, कोणापासून?"

दोन तासांनी उत्तर आलं. "वरच्या बाजूचे डोंगरातले लोक म्हणे. कॅलिफोर्नियापासूनच." आणि खाली आणखी एक ओळ: "रस्ते खराब असतील."