पस्तिशीनंतर पायलट व्हायचं असेल तर पैसे कोणत्या क्रमाने खर्चावेत

सदतिसाव्या वर्षी पुण्यातली इंजिनिअरची नोकरी सांभाळून मी पायलट व्हायच्या मागे लागलो. आज कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, हातात आहे. भेटणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. भारतात सीपीएलला साधारण 45 ते 60 लाख लागतात. एअरलाइनसाठी लागणारं टाइप रेटिंग, म्हणजे एअरबस 320 सारखं ठरावीक विमान चालवण्याची पात्रता, आणखी 15 ते 20 लाखांची. घासाघीस करून हा आकडा फारसा उतरत नाही. आपल्या हातात असतो तो पैसे बाहेर पडण्याचा क्रम.

सगळ्यात आधी मेडिकल. अॅकॅडमीचं माहितीपत्रक उघडण्याआधी डीजीसीए, म्हणजे देशातल्या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडून क्लास टू, म्हणजे प्राथमिक तपासणी करून घ्या, मग कमर्शियल पायलटसाठी लागणारी क्लास वन. ईसीजी, कानांची तपासणी, रंग ओळखण्याची चाचणी, रक्त-लघवी सगळं होतं. चष्मा असला तरी चालतो. आपल्या वयात अडतं ते बीपी आणि साखरेपाशी, म्हणून वजनाकडे वर्षभर आधीपासून बघा. इथे काही निघालं तर गेलेले पैसे हजारांत असतात, लाखांत नाही.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित नसेल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते विषय देता येतात. कॉमर्सवाल्यांनी त्यासाठी मागे हटू नये.

मग लेखी परीक्षा: एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकल. प्रत्येकीत 70 टक्के हवेत. पगार चालू असताना उरकण्याजोगा भाग हाच, आणि माझ्या मते खरी बचत इथेच होते. नेव्हिगेशनला मी रोज पहाटे बसायचो. त्यातला वन-इन-सिक्स्टीचा नियम मला फार आवडला: 60 नॉटिकल मैल उडून झाल्यावर ठरलेल्या रेषेपासून एक मैल बाजूला गेला असाल, तर चूक एक अंशाची. हा हिशेब कागदावर पक्का झाला की हवेत डोकं मोकळं राहतं, आणि हवेतला प्रत्येक तास महाग असतो. विमानातल्या रेडिओवर बोलण्यासाठी आरटीआर नावाचं लायसन्स लागतं, तेही याच काळात करा.

फ्लाइंग 200 तासांचं. त्यातले 100 तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला पायलट, म्हणून लागतात, 300 नॉटिकल मैलांची एक लांब फेरी हवी, आणि पाच तास रात्रीचे. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर इथे शिकता येतं. संस्था निवडताना चकचकीत वर्गखोल्या बघू नका. हँगरमध्ये जा आणि आज उडण्याच्या स्थितीत किती विमानं आहेत, किती इन्स्ट्रक्टर आहेत, रांगेत किती विद्यार्थी आहेत ते मोजा. जुन्या विद्यार्थ्यांना चहाला न्या आणि 200 तासांना किती महिने लागले ते विचारा. लांबलेला प्रत्येक महिना म्हणजे खोलीचं भाडं, खानावळ आणि बुडालेला पगार. चाळिशीला टेकलेल्या माणसाला घराचा हप्ताही असतो. पावसाळ्यात ढग खाली उतरतात, वारा आडवा लागतो आणि उड्डाणं रखडतात. म्हणून जून ते सप्टेंबर पेपरांना द्या आणि नोकरी सोडायचीच तर ऑक्टोबरला सोडा. सगळी फी एकदम भरू नका. एका संस्थेने मला पूर्ण रक्कम आधी मागितली, मी तिथून उठलो. जितके तास उडलो तितके पैसे, असे टप्पे लेखी घ्या.

परदेशात तास लवकर होतात, पण परत आल्यावर लायसन्स बदलून घेताना डीजीसीएचे पेपर चुकत नाहीत.

नोकरीबद्दल स्पष्ट बोलतो. एअरलाइन्सच्या कॅडेट योजनांना, म्हणजे नवख्यांना निवडून प्रशिक्षण देणाऱ्या योजनांना, तिशीच्या आसपास वयाची अट असते, त्यामुळे त्या आपल्यासाठी नाहीत. खुल्या भरतीतही वयाची मर्यादा आधी वाचा आणि मगच टाइप रेटिंगला पैसे घाला. प्रवासी विमानं 65 व्या वर्षापर्यंत उडवता येतात, म्हणजे चाळिशीत लागलात तरी पंचवीस वर्षं मिळतात. मी मात्र असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचा रस्ता धरला आहे. शिकवताना तास वाढतात, पगार मिळतो, आणि घरापासून फार लांब जावं लागत नाही. बायकोशी बसून दोन वर्षांचा घरखर्च वेगळा काढला, त्याला फ्लाइंगसाठी हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि मगच राजीनामा दिला.